आंबट द्राक्षांचा भाव

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण आपण सगळे लहानपणी शिकलो. कोल्हा उड्या मारून थकला, घड हाती लागेना, मग म्हणाला, जाऊ दे, आंबटच असतील. आज मी अशा मुलखाची गोष्ट सांगणार आहे, जिथे द्राक्षे खरोखरच झाडावर उंच टांगलेली असत, खरोखरच आंबट असत, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी त्या आंबटपणाचाच भाव वसूल केला.

मुलूख पोर्तुगालचा. देशाच्या वायव्य कोपऱ्यात, स्पेनच्या सरहद्दीला लागून मिन्यु नावाचा भाग आहे. तिथे होणाऱ्या वाइनचे नाव ‘व्हीन्यु व्हेर्द’. शब्दाचा अर्थ हिरवी वाइन. रंगाने ती हिरवी नसते. लालही होते, पण आज जगात जी विकली जाते ती बहुतेक पांढरी, म्हणजे लिंबाच्या सालीसारखी फिकी. हिरवी म्हणायचे ते कोवळी, न मुरवलेली या अर्थाने. मुलूखच वर्षभर हिरवागार असतो म्हणून हे नाव, असेही काही जण सांगतात.

तुम्ही म्हणाल, इथे कापसाचे चुकारे आणि ज्वारीचा भाव सोडून हा काय विषय काढला? गेल्या बैठकीत एक प्रश्न निघाला होता. जमीन हलकी, तुकडा लहान, माल बाजारात हलका ठरलेला. अशा शेतकऱ्याने करायचे काय? प्रक्रिया करा, मूल्यवर्धन करा, असा सल्ला देणारे साहेब पुष्कळ येतात आणि चहा पिऊन जातात. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले त्यांचा हिशेब काय झाला, तो आपण पाहू.

मायबहिणींना आधीच एक सांगतो. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी मोर्चे काढले आहेत. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. मी कुणाला प्या म्हणून सांगायला उभा नाही. मिन्युमध्येही या वाइनने सगळे गोडच केले असे नाही. तिथे गरिबाघरी मक्याच्या पावाचे तुकडे लाल वाइनमध्ये साखर घालून कुस्करत आणि कामावर जाण्याआधी खात. त्या काल्याला नाव होते ‘थकलेल्या घोड्याचे सूप’. तो लहान पोरांनाही देत. घरात दुसरे काही नसले की असे होते. तेव्हा आजची गोष्ट पिण्याची नाही, मालाची आहे, आणि तो माल कोणत्या जेवणाबरोबर विकला गेला त्याची आहे.

आता जमीन पाहा. मिन्युमधला शेतकरी आपल्या अगदी उलट संकटात आहे. आपल्याकडे पावसाने दडी मारली की पीक जाते. त्याच्याकडे वर्षाला सरासरीने दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, डोंगराकडे त्याहून जास्त. समुद्राकडून दमट वारा येतो. द्राक्षाच्या वेलाला ही हवा म्हणजे भुरी, केवडा आणि कूज यांना आमंत्रणच. ज्यांच्या घरात नाशिक-सांगलीकडचे सोयरे आहेत त्यांना विचारा, घड भरताना चार दिवस ढग राहिले तर बागाईतदाराची झोप कशी उडते.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. पोर्तुगालच्या दक्षिणेला मोठमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. उत्तरेला, मिन्युमध्ये, वाटण्या होत होत जमिनीच्या चिंध्या झाल्या. आजही तिथे एका शेतकऱ्यामागे द्राक्षाची बाग सरासरीने तीन एकरांच्या आसपास आहे. एवढ्या तुकड्यात घरचे धान्य पिकवायचे, गाईला चारा पाहिजे, आणि वर द्राक्षही पाहिजे. मग त्याने काय केले? सोळाव्या शतकात अमेरिकेतून मका आला होता. तो त्याने शेताच्या मध्यात पेरला, सोबत घेवडा आणि कोबी लावला, आणि द्राक्षाचा वेल ढकलला बांधावर. बांधावरच्या ओक, चेस्टनट, चेरी अशा झाडांवर वेल चढवले. या पद्धतीला तिथे नावच पडले ‘फाशी दिलेला वेल’. नाहीतर ग्रॅनाइटचे खांब उभे करून पांदणीवर, अंगणावर उंच मांडव घातला. वर द्राक्ष, खाली भाजी किंवा रस्ता. काढणीला लांबलचक शिड्या लावाव्या लागत.

वेल उंच गेल्याने वारा खेळता राहिला, जमिनीचा ओलावा लागला नाही, रोग थोडा कमी झाला. पण झाडाच्या सावलीत लोंबणाऱ्या त्या घडाला पुरते ऊन मिळत नसे. साखर भरत नसे. साखर कमी म्हणजे वाइनमध्ये मद्यार्क कमी आणि आंबट जास्त. दक्षिणेकडच्या वाइनमध्ये तेरा-चौदा टक्के मद्यार्क असतो, हिच्यात साधारण नऊ ते अकरा. शहरातले जाणकार म्हणत, ही कसली वाइन, पाण्यासारखी पातळ, चिंचेसारखी आंबट, वर्षभरात उतरते. त्यांना कोणी सांगावे की या आंबटपणात शेतकऱ्याचे अडाणीपण नाही, घरचा मका पिकवून उरलेल्या जागेत द्राक्ष लावण्याचा चोख हिशेब आहे. आपण कपाशीत तूर आणि ज्वारीत मूग घेतो, तेव्हा एकरी कापसाचा उतारा कमी दाखवून आपल्यालाही असेच शहाणपण शिकवले जाते.

चिंचेचे नाव मी उगीच घेतले नाही. द्राक्षात दोन आम्ले मुख्य. एक चिंचेत असते ते, दुसरे हिरव्या सफरचंदात असते ते. पिकत जाताना सफरचंदातले आम्ल कमी होते. मिन्युच्या गारठ्यात आणि सावलीत ते तसेच राहते. सप्टेंबरात काढणी, रस काढून आंबवणे, आणि हिवाळा संपता संपता वाइन बाटलीत. पण काम अजून पुरे झालेले नसे. उन्हाची तिरीप आली की बाटलीतच जंतू पुन्हा कामाला लागत आणि सफरचंदातल्या आम्लाचे दह्यातले आम्ल करत. त्यात वायू सुटतो. बाटली उघडली की बारीक बुडबुडे, जिभेला मुंग्या आल्यासारखे. वाइन थोडी गढूळ होई. शास्त्राच्या पुस्तकात हा दोष आहे. गिऱ्हाइकाला तोच आवडला! आज कारखान्यात ती क्रिया आधीच थांबवतात, वाइन गाळून स्वच्छ करतात आणि बुडबुडे वेगळे भरतात. ज्या दोषासाठी नाक मुरडत होते, तो आता नळीने आत सोडावा लागतो.

आता जेवणाकडे येतो, कारण या मालाचे नशीब तिथे फिरले.

मिन्युमधल्या घरचे रोजचे जेवण काय? मक्याचा पाव, त्याला ब्रोआ म्हणतात. मक्याच्या पिठाला ज्वारीसारखाच चिकटपणा नसतो. आपण उकळत्या पाण्याने उकड काढून भाकरी थापतो, ते त्यात राय नावाच्या धान्याचे पीठ मिसळून जाडजूड पाव भाजतात. त्याच्याबरोबर ‘काल्दु व्हेर्द’, म्हणजे हिरवा रस्सा. बटाटे शिजवून घोटायचे, त्यात गडद पानांचा कोबी दोऱ्यासारखा बारीक चिरून टाकायचा, ऑलिव्हचे तेल, आणि ऐपत असेल तर डुकराच्या मसालेदार सॉसेजची एक चकती. त्यांच्या भाषेत कोबीला ‘कोव्ह’ म्हणतात. आपला कोबी हा शब्द तिथूनच आला. बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, साबण, चावी, घमेले, पगारसुद्धा त्यांचाच शब्द. पाणी भरायचे आपले पिंप आहे ना, ते मूळचे त्यांचे ‘पीपा’, म्हणजे वाइनचे लाकडी पिंप. वाइन आपल्यापर्यंत आली नाही, पिंप आले.

दुसरे खाणे खारवलेला कॉड मासा, ‘बाकल्याव’. हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्याला मिळतच नाही. उत्तर अटलांटिकमध्ये न्यूफाउंडलंड आणि नॉर्वेकडे धरायचा, मीठ लावून फळीसारखा कडक वाळवायचा, आणि खाण्याआधी एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा. समुद्रापासून लांब राहणाऱ्या गरिबाला परवडणारा तो मासा. आपल्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील विकायला बसतात, तसाच प्रकार. बटाटा, कांदा, उकडलेले अंडे आणि तेलाची सढळ धार घालून तो खातात. तिसरे तारली, कोकणात मिळते तीच जातकुळी. जून महिन्यात संत जॉनच्या सणाला पोर्तु शहरातल्या गल्लीगल्लीत निखाऱ्यावर तारली भाजतात आणि ब्रोआच्या तुकड्यावर ठेवून हाताने खातात. तेल पावात मुरते, मग तो पावही खातात.

या सगळ्या जेवणात समान काय? मीठ आणि तेल. आता तुम्हीच सांगा, तेलकट-खारट जेवणाला तोंडी लावायला काय पाहिजे? आपल्या घरात खिचडीवर तेलाची धार पडली की बाजूला कढी येते. गोळ्याची आमटी असो की तळलेली भजी, लिंबाची फोड लागते. अंबाडीची भाजी ज्वारीच्या भाकरीशी जाते ती तिच्या आंबटपणामुळे. आंबट घोट घेतला की जिभेवरचे तेल धुतले जाते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. व्हीन्यु व्हेर्दचे नेमके हेच काम. तारलीचे तेल ती कापते, बाकल्यावचे मीठ तिच्यामुळे जड होत नाही. हीच तारली खाताना चौदा टक्क्यांची, लाकडात मुरवलेली भारी लाल वाइन घेतली तर तोंडाला लोखंडासारखी चव येते. म्हणजे भारी माल तिथे हरतो.

गोव्याची गोष्ट इथे जोडून सांगतो. मिन्युमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे पांढरी वाइन, लसूण आणि तमालपत्रात मुरवून चरबीत परततात. वाइन आणि लसणात मांस मुरवण्याची ही रीत पोर्तुगालभर आहे. तिचे नाव ‘व्हीन्य दाल्युश’. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले, रीतही आली. इथे वाइन महाग, म्हणून माडाच्या ताडीचा व्हिनेगर घातला. मिरचीही त्यांनीच अमेरिकेतून आणली होती, ती भरपूर पडली, आणि पदार्थाचे विंदालू झाले. मुद्दा एवढाच की आंबट, लसूण आणि चरबी हे त्रिकूट दोन्हीकडे टिकले. तिखट जेवणाबरोबरही हीच हलकी वाइन बरी पडते. मद्यार्क जास्त असला की मिरची आणखी झोंबते. मद्यार्क कमी, बुडबुडे आणि किंचित गोडी असली की तोंड शांत होते. म्हणून लंडन-न्यूयॉर्कमधल्या मसालेदार जेवणाच्या हॉटेलांत ती चालते. गोड पदार्थाबरोबर मात्र तिचे जमत नाही. पुरणपोळीवर घोट घेतला तर नुसता आंबट ढेकर. लाल व्हीन्यु व्हेर्द तर मिन्युबाहेर फार कोणाला झेपतही नाही. ती तिथले लोक पांढऱ्या वाडग्यातून पितात आणि लॅम्प्रे नावाच्या सापासारख्या दिसणाऱ्या माशाबरोबर घेतात.

आता पुन्हा त्या शहरी जाणकारांची तक्रार आठवा. आंबट आहे? मग माशाबरोबर घ्या. पातळ आहे? उन्हाळ्यात थंड करून घ्या. मद्यार्क कमी आहे? मग दुपारच्या जेवणाला चालेल, उठून कामाला जाता येईल. टिकत नाही? मग त्याच वर्षी विका. हा शेवटचा मुद्दा आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठा. त्यांच्या शेजारच्या दोरु खोऱ्यात पोर्ट वाइन होते. ती वर्षानुवर्षे लाकडात मुरवावी लागते. भांडवल अडकवून बसायची ताकद व्यापाऱ्याकडे असते, लहान शेतकऱ्याकडे नसते. म्हणून पोर्टचा पैसा व्यापाऱ्यांच्या कोठारात मोठा झाला. व्हीन्यु व्हेर्द सप्टेंबरात काढली की वसंतात विकायला तयार. कापूस वेचून झाल्यावर पैशासाठी थांबणे म्हणजे काय असते, ते या मांडवात बसलेल्यांना मी सांगायला नको.

पण नुसते चांगले लागते म्हणून कोणी भाव देत नाही. चांगल्या मालाची नक्कल पहिल्यांदा होते. इथे दुसरा भाग सुरू होतो, तो कुंपणाचा.

१९०८ साली कायद्याने या वाइनच्या मुलखाची हद्द ठरली. १९२६ साली तिच्या देखरेखीसाठी मंडळ झाले. १९५९ पासून बाटलीवर हमीची मोहोर लागते. १९७३ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय नोंदणी झाली. आज या मंडळाच्या सभेत द्राक्ष पिकवणाऱ्यांचे आणि वाइन विकणाऱ्यांचे प्रतिनिधी बरोबरीने बसतात. वाइनचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो, जाणकार चाखतात, आणि मग मंजूर झालेल्या लिटरांच्या हिशेबाने मोहरा मिळतात. जितकी वाइन तितक्याच मोहरा. हद्दीबाहेरच्या कोणी कितीही सरस पांढरी वाइन केली तरी त्याला हे नाव लावता येत नाही.

कुंपण म्हटले की आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीस वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी होती. राज्याबाहेर कापूस नेणे हा गुन्हा होता. सरहद्दीवर शेतकऱ्यांच्या गाड्या अडवल्या. ते कुंपण मालाच्या मालकाला आत कोंडण्यासाठी होते. पोर्तुगालनेही तो प्रयोग आपल्या दोनशे वर्षे आधी करून पाहिला आहे. १७५६ साली पोंबाल या त्यांच्या मंत्र्याने दोरु खोऱ्यातल्या वाइनसाठी एक सरकारी कंपनी काढली आणि तिला मक्तेदारी दिली. पुढच्याच वर्षी पोर्तु शहरात लोक रस्त्यावर उतरले. बंड चिरडले, माणसे फासावर चढवली. हद्द आखण्यापासून सुरू झालेली गोष्ट मक्तेदारीपर्यंत जायला वेळ लागत नाही, हे लक्षात ठेवा. व्हीन्यु व्हेर्दचे कुंपण वेगळे एवढ्यासाठी की आतल्या शेतकऱ्याला बाहेर माल विकायला बंदी नाही. बाहेरच्या नकली मालाला आत यायला बंदी आहे. त्याची द्राक्षे तो सहकारी कारखान्याला देवो, खाजगी कंपनीला देवो की स्वतः बाटली भरो.

कुंपण नसले तर काय होते, ते पाहायला पोर्तुगालला जायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचे भाव पुकारले जात, त्यात आपली दोन नावे होती. एक ‘हिंगणघाट’, आणि दुसरे ‘ऊमरा’, म्हणजे आपली उमरावती, अमरावती. विलायतेतला गिरणीवाला हिंगणघाटचे नाव घेऊन कापूस मागत होता. पुढे लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा मिसळला, रुईत सरकी आणि पाणी घातले, कोणाचाही कापूस त्या नावावर खपू लागला. मुंबई सरकारने १८६३ साली भेसळीविरुद्ध कायदा केला, त्याचाही फार उपयोग झाला नाही. भेसळ वाटेत व्हायची, नाव मात्र वऱ्हाडचे गेले. आज आपल्या कापसाच्या गाठीवर धाग्याची लांबी लिहिलेली असते, गाव लिहिलेले नसते.

मिन्युच्या उत्तर टोकाला मोंसांव नावाचे गाव आहे. तिथली एक दंतकथा सांगतात. १३६९ साली कास्तीलच्या फौजेने गावाला वेढा घातला. आत धान्य संपले. देउ-ला-देउ मार्तिन्श नावाच्या बाईने घराघरांतले शेवटचे पीठ गोळा केले, त्याचे पाव भाजले आणि तटावरून शत्रूवर फेकले. वर ओरडून सांगितले, अजून हवे असतील तर मागा. शत्रूला वाटले, आत कोठारे भरलेली आहेत. तो वेढा उठवून गेला. याच गावात १९५८ साली पंचवीस द्राक्ष उत्पादकांनी सहकारी वाइन कारखाना काढला. आज त्याचे सभासद दीड हजारांवर आहेत, आणि त्याच्या एका बाटलीवर नाव आहे त्या बाईचे. तेव्हा तिथे सालाझारची हुकूमशाही होती, आणि सहकाराला सरकारी मंडळाचा धक्का होता. वाइन पिणे म्हणजे दहा लाख पोर्तुगीजांच्या तोंडी घास घालणे, अशी जाहिरात सरकारच करत असे. एवढे असूनही त्या काळात मिन्युमधले तरुण गावे ओस टाकून फ्रान्समध्ये मजुरीला जात होते. सहकार निघाला म्हणून शेती फायद्याची झाली असे कोणी समजू नये. आपल्याकडेही कारखाने निघाले, सूतगिरण्या निघाल्या. पुढचे तुम्हांला ठाऊक आहे.

फरक पडला तो नंतर. १९७४ साली हुकूमशाही गेली, १९८६ साली पोर्तुगाल युरोपच्या सामायिक बाजारात गेला. बाजार उघडला. झाडांवरचे वेल खाली आले, तारांवर बागा झाल्या, द्राक्षाला ऊन मिळाले, आंबटपणा माफक झाला. लाल मागे पडून पांढरी पुढे आली. आज जवळपास निम्मा माल देशाबाहेर जातो; अमेरिका आणि जर्मनी मोठी गिऱ्हाइके. यातही एक खोच आहे. थोडी साखर, भरपूर बुडबुडे आणि स्वस्त भाव अशा बाटल्यांनी हे नाव जगभर नेले, आणि त्याच बाटल्यांनी ते स्वस्त म्हणून रूढ केले. नाव एकदा स्वस्त झाले की चांगला माल करणाऱ्याला चढा भाव मागताना नाकी नऊ येतात.

मोंसांव आणि शेजारचे मेल्गासु या दोन गावांनी यातून आपली वाट काढली होती. त्यांच्याकडे अल्व्हारीन्यु नावाचे द्राक्ष होते. डोंगरांच्या आडोशाने समुद्राचा वारा कमी, ऊन जास्त. म्हणून वाइन भरदार होते, बारा-तेरा टक्के मद्यार्काची, दोन-चार वर्षे टिकणारी. खेकडा, ऑक्टोपस, भाजलेला मोठा मासा असल्या भारी जेवणाबरोबर ती जाते. या द्राक्षाला बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त भाव मिळत आला आहे. व्हीन्यु व्हेर्दच्या बाटलीवर नुसते ‘अल्व्हारीन्यु’ असे लिहिण्याचा हक्क फक्त या दोन तालुक्यांना होता. साहजिकच बाकीचे म्हणाले, आमच्या शेतातही तेच द्राक्ष आहे, आम्ही का लिहू नये? मोठे भांडण झाले. २०१५ साली तडजोड ठरली. सहा वर्षांनी सगळ्या मुलखाला ते नाव लिहिता येईल; दोन तालुक्यांना स्वतःची वेगळी मोहोर आणि प्रचारासाठी पैसा. तिथल्या शेतकऱ्यांना धास्ती होती की भाव कोसळणार. बाहेरचे म्हणत होते, हा सरळ मक्ता आहे. मला विचाराल तर दोघांचेही खरे होते. द्राक्षाची जात कोणाच्या मालकीची असू शकत नाही, गावाचे नाव असू शकते. बाटलीवर ‘अल्व्हारीन्यु’ कोणीही लिहो, ‘मोंसांव’ मोंसांवकरानेच लिहावे.

आपल्याकडे असा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून लागू आहे. त्याखाली २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला नाव मिळाले. जालन्याच्या दगडी ज्वारीलाही आता मिळाले आहे. कागद मिळाला, चांगले झाले. पण पुण्या-मुंबईच्या दुकानात ‘मालदांडी’ लिहिलेले पोते उभे असते, ते जातीचे नाव आहे. गावाचे नाव पोत्यावर शोधून सापडत नाही. मिन्युत लिटरागणिक मोहोर मोजतात. आपल्याकडे क्विंटलागणिक कोण मोजणार? सरकारी कार्यालय मोजेल म्हणून वाट पाहत बसलो तर आपली नातवंडेही वाटच पाहतील. आणि शहरातल्या बाईला आपली ज्वारी कशाबरोबर खायची, हे तरी आपण कधी सांगितले? पिठल्याला कोणती, ठेच्याला कोणती, हुरड्याला कोणती, लाह्यांना आणि पापडाला कोणती, हे इथे बसलेल्या मायबहिणींच्या हातांना माहीत आहे, पोत्याला माहीत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीचे काम आजच वाटून देतो. प्रत्येक तालुक्याने आपल्या भागातली ज्वारी येताना आणायची, पायलीभर, न मिसळलेली, कोणत्या शिवारातली ते पिशवीवर लिहून. सोबत घरी दळलेले थोडे पीठ. महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांनी भाकरी थापायच्या, चूल आणि तवे कार्यालयात आहेत. कोणत्या भाकरीला काय तोंडी लावायचे ते ज्याने त्याने घरून आणावे. चव घेणारे दुसऱ्या तालुक्यातले असतील, आणि आधी पिशवीवरचे नाव झाकून ठेवू.